मूठ म्हणू नका, पसा म्हणा

अक्का, तुमच्या दफनाची सगळी कामं वेळेवर झाली. पेटी सांगितल्या वेळी आली. कबरस्तानात खणणाऱ्या माणसांना सकाळीच पाणी आणि नाश्ता पोचवला होता, कारण ऊन चढलं की तिथला मुरूम कुदळीला दाद देत नाही. पांढरी साडी तुम्हीच कपाटात वेगळी काढून ठेवली होती, तीच नेसवली. गीतं पाळकसाहेबांनी निवडली. मंडप, पाण्याचे जार, चहा हे माझ्याकडे होतं. एकच गोष्ट जमली नाही. तुमचे हात छातीवर जुळेनात. संधिवातानं वाकडी झालेली बोटं एकमेकांत बसेचनात. मी एकेक बोट धरून बघत होते, तेव्हा पाळकीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, ओढू नका." मग तळवे तसेच उताणे ठेवून आम्ही झाकण लावलं.

आज रविवार, तुमच्या स्मरणाची उपासना आहे. मंडळीच्या पत्रिकेत तुमच्यावर चार शब्द यावेत आणि ते मी लिहावेत, असं पाळकसाहेब म्हणाले. "तुमचं काम व्यवस्थित असतं," म्हणाले. मी त्यात जन्मतारीख, लग्न, मंडळीतली सेवा असं ओळीनं लिहायला बसले आणि कागद बाजूला सारला. ते सगळं कबरीच्या दगडावर येईलच. मला तुमच्याशीच बोलायचं आहे. वाद अर्धा राहिलाय आपला.

दफनाच्या दिवशी चहा देताना मी सगळ्यांचं ऐकत होते. "सलोमीबाईंचं मन जात्याच मोठं," असं जो तो म्हणत होता. मला राग येत होता, अक्का. इतकी वर्षं एका अंगणात राहिलो. पुढच्या खोल्यांत आम्ही, मागच्या खोल्यांत तुम्ही एकट्या. थोरल्या जावेला धाकटी जितकी ओळखते तितकं मंडळीतलं कोण ओळखणार? जात्याच तुम्ही चिकट होता. चहाची पत्ती दोनदा उकळायचात. अंगणातला दिवा मी लावला की मागून येऊन बंद करायचात. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवाल्याशी असं भांडायचात की तो म्हणायचा, "बाई, घेऊन जा तशीच, पण जा!" आणि तीच पिशवी घेऊन कोपऱ्यावर बसणाऱ्या म्हातारीच्या मांडीत रिकामी करून घरी यायचात. मग संध्याकाळी आमच्याकडे वाटीभर भाजी मागायला.

"अक्का, द्यायचीच होती तर भांडला कशाला?" मी एकदा विचारलं.

"भांडले ते माझ्यासाठी. दिली ती प्रभूसाठी. दोन्ही खाती येगळी हायेत."

तुमचं माहेर राजूरचं. लहानपणी धाकट्या भावाला दिसू नये म्हणून गुळाचा खडा कणगीमागं लपवायचात. मुंग्या लागल्या तरी त्याला द्यायचा नाहीत. हे तुम्हीच सांगितलं होतंत, हसत नव्हे. ज्वारी निवडत होतो आपण.

"मला द्यायला आवडत न्हाई गं सुनंदे," तुम्ही म्हणालात. "हात मागं येतो. आजबी येतो. म्हणून तर रोज द्यावं लागतंय. रान काय, एक हंगाम सोडलं की पडीक पडतं. मनाला तर तेवढाबी वेळ लागत न्हाई."

मंडळीतल्या कोणीतरी हे ऐकायला हवं होतं. उदारपण तुम्हाला मिळालेलं नव्हतं. तुम्ही ते रोज सकाळी नव्यानं ओढून आणत होता, आडातून पाणी ओढावं तसं, आणि दम लागायचा तुम्हाला. मी तो दम ऐकलाय.

आता वाटीचं. आपल्या महिला मंडळात जुनी रीत आहे. घरात स्वयंपाकाला धान्य काढताना आधी एक मूठ गरिबांच्या डब्यात टाकायची, आणि महिन्याच्या शेवटी सगळे डबे चर्चच्या बाजूच्या खोलीत एकत्र करायचे. माझ्याकडे मंडळाचं काम आलं तेव्हा पहिली अडचण हीच दिसली की कोणाची मूठ केवढी याचा पत्ता नाही. त्यामुळे कोणत्या गरजूला किती देता येईल हे आधी सांगताच येत नव्हतं. मी बियाण्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. अंदाजावर माल निघतो हे मला सहन होत नाही. मी सगळ्या घरांत सारख्या मापाच्या स्टीलच्या वाट्या वाटल्या. मूठ बंद, वाटी सुरू. काम सुरळीत झालं. ज्या विधवा बायकांना कधी मिळायचं, कधी नाही, त्यांना नियमित मिळायला लागलं. हे तुम्हीही कधी नाकारलं नाही.

पण वाटी घेतली नाहीत. भर बैठकीत मला परत दिलीत.

"वाटी भरली की सुटलो," म्हणालात. "तिला काय कळतंय? हाताला रोज इचारावं लागतं. आज किती आवळलास बाबा? कोणावर रागावून आलास?"

"अक्का, पोट वाटीनंच भरतं," मी म्हणाले.

"त्यांचं भरतं गं. आपलं काय?"

बायका हसल्या. तुम्ही मात्र हात वर केलात, वाकड्या बोटांचा. "अन तुम्ही मूठ मूठ म्हणता, तिथंच चुकतंय. मूठ म्हणलं की बोटं आवळतेत. पसा म्हणा. म्हणून बघा बरं. पसा. बोटं आपोआप सैल व्हतेत."

सगळ्या बायका खरंच आपापल्या हाताकडे बघायला लागल्या. मीही बघितलं. पाळकीणबाई म्हणाल्या, "तुमची तर मूठ मिटतच नाही आता, सलोमीबाई."

"मंग! प्रभूनं उघडाच ठेवला हात. आता चोरी करायची बी सोय न्हाई राह्यली."

त्या दिवशी हसण्यावारी गेलं ते. पण तुम्ही माझ्याशी आठवडाभर तुटक बोललात आणि मी तुमच्याशी. तुमचंच बरोबर होतं असं मी इथे लिहिणार नाही. तुम्ही गेलात म्हणून माझं मत बदललं, असं दाखवणं खोटेपणा होईल. वाटी चालूच राहणार आहे. पण वाटीनं मिळतं ते ज्याला मिळतं त्याचं भलं करतं, देणाऱ्याला तसंच ठेवतं, हे तुमचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

मग तुम्ही रामकिसनला घरी आणलंत.

तुम्ही बोटांच्या औषधाला सरकारी दवाखान्यात गेला होतात. येताना रिक्षातून पायाला फडकं गुंडाळलेला एक माणूस उतरवलात. एमआयडीसीतल्या कुठल्याशा लोखंडाच्या कारखान्यात तापलेली सळई यंत्रावरून उसळून त्याच्या पायावर आली होती. ठेकेदारानं दवाखान्याच्या दारात सोडलं आणि फोन बंद केला. रामकिसन हा कुंभार पिंपळगाव या गावाच्या पुढच्या एका वस्तीवरचा. भाऊ आहे, शेत आहे, पण त्याचं कोणी नाही.

"हा कोण?" मी विचारलं.

"पाहुणा."

"किती दिवसांचा?"

"पाय बरा व्हईस्तोवर."

पाय बरा झाला नाही. जखम भरायची आणि पुन्हा फुटायची. तुम्ही त्याला तुमच्या खोल्यांतली एक खोली दिलीत. दोन वेळचं ताट दिलंत. मंडळीतल्या एका भावानं विचारलं, "उपासनेला येतो का तो?" तुम्ही म्हणालात, "जेवायला येतो." पुन्हा कोणी विचारलं नाही.

मी त्याला गरजू म्हणून नाकारलं असतं असं नाही. पण तो प्यायचा. प्याला की मोठ्यानं ओरडायचा, ठेकेदाराला, भावाला, देवाला, कधी तुम्हालाही. गल्लीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. आणि मग तुमच्या आईचा पितळी हंडा गेला. घरातली कोणती वस्तू कुठे असते हे मला झोपेतही सांगता येतं. कोनाडा रिकामा दिसताच मी मागं आले.

"अक्का, हंडा कुठाय?"

"गेला."

"गेला? त्याला काय पाय आहेत?"

"हंड्याला न्हाईत. नेणाऱ्याला एक हाय की."

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, गरीब खूप आहेत, आपला हात एक आहे. मग तो लायक माणसासाठी का वापरू नये? तुम्ही ताटलीतले खडे वेचत होता. मान वर न करता म्हणालात, "लायक असता तर दिल्याला मजुरी म्हणले असते. दान कशाला म्हणू?"

मग एक खडा बाजूला टाकून म्हणालात, "सुनंदे, तुमच्या कारखान्यात बी वल्या कागदात गुंडाळून ठेवतेत ना? उगवलं तर पास, न्हाई तर बाहेर. ते बियाण्याला बराबर हाय. माणसाचं तसं करता येतंय का? आधी उगवून दाखव, मंग पेरतो म्हणून?"

"पण अक्का, राग नाही आला तुम्हाला? आईचा हंडा होता."

"आला की! बिलकुल आला. दोन दिवस बोलले न्हाई त्याच्याशी. ताट आपटून ठेवलं."

"मग?"

"मंग काय? ठेवलं ना."

इथे आपलं बोलणं तुटलं. मला पुढे म्हणायचं होतं की एक दिवस हा माणूस तुमच्या जिवावर उठेल. म्हटलं नाही. आता सगळी गल्ली तेच म्हणते आहे आणि मला ते म्हणता येत नाही.

कारण तो दिवस असा होता. मे महिन्याची दुपार. मी कारखान्यात, हेही कामावर. गल्लीत प्रत्येक घरात कूलर घरघरत होता, खिडक्या बंद. तुम्ही मोरीजवळ पडलात. रामकिसन ओरडला. भिंतीला धरून फाटकापर्यंत आला आणि ओरडला. कोणी आलं नाही. त्याच्या पायानं त्याला तुम्हाला उचलता येणार नव्हतं. मी संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही तिथेच होता, डोक्याखाली त्याची घडी केलेली गोधडी, आणि तो शेजारी बसलेला, प्यालेला. मागून हे आले. त्यांनी एकच पाहिलं: वहिनी जमिनीवर आणि हा पिऊन बसलेला. त्यांनी त्याला मारलं. तो उठला नाही आणि हातही वर केला नाही.

ह्यांना मी काय बोलू? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे शाळेत होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तुमच्या ताटात जेवून हे मोठे झाले. त्यांचं दुःख त्यांना रागाशिवाय दुसऱ्या कशात धरता येत नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालनबाई डबा घेऊन आल्या. डबा ठेवला आणि जाईनात. मग म्हणाल्या, "वरडत व्हता खरा तो. 'बाई पडली, बाई पडली' असं कायतरी. मला वाटलं, रोजचंच हाय. मी खिडकी अजून घट्ट लावली हो." त्या रडल्या. मी त्यांना पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही लगेचच गेला असाल, कोणी धावून आलं असतं तरी फरक पडला नसता. ते मी मालनबाईंना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला की नाही माहीत नाही. माझा अर्धा बसला आहे.

ह्यांनाही सांगितलं, की तो आधी ओरडला होता, पिणं नंतरचं. हे म्हणाले, "ओरडला असेल. पण रविवारच्या आत तो मला या घरात दिसायला नको." आणि ते काम माझ्याकडे दिलं. घरातली अवघड कामं माझ्याकडेच येतात. मी ती पुरी करते म्हणून.

तशी मी लागले. त्याच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आमच्या लेखी तो कवाच गेल्ता, ताई. तुमच्या बाईनं उगं उठवून बसवला." एका आश्रमात विचारलं, पिणारा चालत नाही. दवाखान्यात विचारलं, जखम आहे पण भरती करण्याजोगी नाही. मंडळीत विचारलं, सगळ्यांनी प्रार्थना करू म्हणून सांगितलं. अक्का, तेव्हा कळलं, इतक्या जागी विचारल्यावर एक जागा उरते, आपल्याच अंगणातली, आणि तिथे कोणाला विचारावं लागत नाही.

या दिवसांत त्याला ताट मीच देत होते. प्रेमानं नाही. तुम्ही असताना मी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं घास घेतला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय." मला वाटलं ताट उचलून घ्यावं. तुमचा डबा आठवला, आणि तो चांगल्या अर्थानं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा घरात सगळे विरोधात होते. तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या तिला. डबा मी करते." आणि केलात, वर्षानुवर्षं. भाजीत तेल असं घालायचात की जणू औषध घालताय. मी रोज नाक मुरडलं. तुम्ही रोज दिलात. त्या डब्याबद्दल तुमचे आभार मानले आहेत का, हे मी फार आठवून पाहिलं. "तेल घाला जरा," एवढंच आठवतं. आज मानते, अक्का. ऐकू जात असेल तर. त्या डब्यावर मी या घरात उभी राहिले.

काल शनिवार होता. दुपारी मी त्याला सांगायला मागं गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं: नरमाईनं, पण स्पष्ट. दार उघडंच होतं. खोली झाडलेली. अंथरुणाची घडी. आणि रामकिसन दाराशी बसून एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात आपलं सामान बांधत होता. बोचक्याला शेवटची गाठ मारत होता, दातानं ओढून.

"निघालो," तो म्हणाला. "बाई गेली. संपलं."

अक्का, मला काहीच करावं लागणार नव्हतं. घालवलं असं कोणी म्हटलं नसतं. ह्यांच्याशी भांडण नव्हतं, मंडळीत बोलणं नव्हतं. मी फक्त गप्प उभी राहिले असते तरी काम पुरं झालं असतं, आणि तेही वेळेत. मी खरंच गप्प उभी राहिले. तो भिंतीला धरून उठला. पायाचं फडकं ओलं होतं. बाहेर पायरी तापून पांढरी झाली होती.

"कुठं जाणार?" मी विचारलं.

"बघू की. रेल्वे टेशन हाय."

मला दया आली नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. वास येत होता, हंडा आठवत होता, मोरीजवळची ती संध्याकाळ आठवत होती. मला तो तेव्हाही नको होता. आणि मी म्हणाले, अगदी स्टोअरमधल्या पोरांवर ओरडते त्या आवाजात, "बसा खाली. असला पाय घेऊन कुठे निघालात? आधी पट्टी बदलायची आहे."

तो म्हणाला, "साहेब मारतील."

"साहेबांचं मी बघते."

"तुमच्यानं न्हाई व्हनार, ताई," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. अंदाज होता. "बाईची गोष्ट येगळी व्हती."

"बाईला तरी कुठे आवडत होतं?" मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. त्याला वाईट वाटेल असं वाटलं. पण तो हसला, अक्का. तुम्ही गेल्यापासून या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. "ते ठावं हाय मला," म्हणाला. "ताट असं आपटायच्या, की उंदीर पळायचे."

तो बसला. मी पट्टी बदलली. नाकाला पदर लावून बदलली. तुम्ही हे रोज कसं केलंत ते तुम्हाला आणि प्रभूला माहीत.

हे कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. जेवले, ताट सरकवलं, निजले. आज उपासनेला माझ्या शेजारी बसतील की नाही सांगता येत नाही. पत्रिकेत काय द्यायचं ते मी पाळकसाहेबांना अजून दिलेलं नाही. "उदार अंतःकरणाची भगिनी" एवढंच छापा म्हणून सांगणार आहे. बाकीचं तुमच्यापाशी राहू द्या.

सकाळी ताट घेऊन गेले तेव्हा तो झोपलेला होता. बोचकं दाराशीच होतं, गाठ तशीच. त्यानं ती सोडलेली नाही, आणि मीही सोडा म्हटलेलं नाही.